काचेला चिकटलेले आभाळ

मित्रांनो, साडेतीनशे वर्षे झाली, तरी मला एका भिंतीवर निवांत राहता आलेले नाही. मी शाईने छापलेले एक जुने चित्र आहे. अँटवर्प शहरातल्या एका कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर मला रेघ रेघ कोरले, शाई भरली आणि ओलसर कागदावर दाबून छापले. राजाच्या सैनिकांपासून तान्ह्या येशूला वाचवायला मरिया आणि योसेफ इजिप्तकडे निघाले आहेत, हा माझा प्रसंग. झाडे प्रचंड, आभाळ अफाट आणि माणसे मात्र बोटाच्या पेराएवढी.

किती घरे फिरलो, आता आठवत नाही. कुणी माझी स्तुती केली, कुणी मला माळ्यावर टाकले. सहा वर्षांपूर्वी आयर्लंडमधल्या डब्लिन शहराच्या बॉल्सब्रिज भागात, चर्चमधल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत, डॉक्टर शर्वाणीने मला घेतले. ती पुण्याहून इथल्या सरकारी रुग्णालयात आलेली. तीन वर्षे बरी गेली. मग घरमालकाने ते भाड्याचे घर विकले आणि आम्ही डब्लिनजवळच्या स्वोर्ड्स गावी आलो. तिथे मला बाथरूमलगतच्या भिंतीवर टांगले. रोजची वाफ आत शिरे. कागद फुगला, माझे आभाळ काचेला चिकटले. मी आतल्या आत घाबरत होतो, पण सांगणार कसे?

यंदा तेही घर सोडण्याची नोटीस आली. सामान बांधताना काच फुटेल म्हणून शर्वाणीचा नवरा केदार मला चौकटीतून ओढू लागला. टर्रकन आवाज झाला.

"बाबा, स्टॉप! इट्स स्टक!" नऊ वर्षांची स्वराली किंचाळली.

मरियेच्या डोक्यावरचे आभाळ बोटभर फाटले होते. केदार ओशाळला. शर्वाणी म्हणाली, "राहू दे आता. आधी आपलं घर बघू, मग त्याचं."

"बट दे हॅव नो हाउस आयदर," माझ्यातल्या मरिया-योसेफकडे बोट दाखवत स्वराली म्हणाली. "अँड दे हॅव अ बेबी."

 अर्धवट भरलेले खोके तसेच टाकून शर्वाणी मला जुने कागद दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली.

"शी विल बी ग्रँड," बाई मला न्याहाळत म्हणाल्या; इथल्या बोलीत ग्रँड म्हणजे ठीकठाक. त्यांनी दमट हवा देत देत मला काचेपासून सोडवले, पाठीमागून पातळ कागद लावला. आभाळातल्या काही रेघा मात्र काचेवरच राहिल्या.

नव्या घरात खोक्यांतून भांडी निघायच्या आधी केदार प्रत्येक भिंतीला तळहात लावून बघत होता. "ही कोरडी आहे गं," तो म्हणाला.

या घराचाही करार वर्षभराचाच आहे. मित्रांनो, जुन्या कागदाला कोरडी भिंत द्या, काचेपासून थोडे अंतर द्या. हलवायची वेळ आली तर खुशाल हलवा. फक्त घाईने ओढू नका.