जागांची अदलाबदल

त्या घरात धाकट्या सुनेला गाडी शिकवली, तेव्हा शेजारणींनी तोंडभरून कौतुक केलं. किती सुधारलेली माणसं! खरी मेख कुणालाच ठाऊक नव्हती. धाकट्या मुलाला ग्लासाशिवाय सुट्टीचं जेवण घशाखाली उतरत नसे. एकदा तो दारू पिऊन गाडी चालवताना सापडला होता. पुन्हा सापडलास तर तुरुंग आणि लायसन कायमचं रद्द, असं कोर्टाने बजावलं. त्यावर घरच्यांनी दारू सोडवली नाही, ड्रायव्हर शोधला. पुढे नाकाबंदी दिसली की तो गाडी बाजूला घ्यायचा, शेजारी सरकायचा आणि बायको स्टिअरिंगवर बसायची. निघताना सासूबाई न चुकता विचारत, "तुझं लायसन घेतलंस ना?"

त्या रविवारी दुपारी सगळे नणंदेकडे जेवायला गेले होते. त्याने चौथा ग्लास भरला तेव्हा धाकटीने हळूच किल्ली मागितली. ती प्रयोगशाळेत रक्त तपासायची. चार ग्लासांनी रक्ताचं काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तो हसून म्हणाला, पोलीस दिसले की घे. तिनेही गुमान बाजूची सीट धरली, आणि हेच तिचं चुकलं.

पोलीस दिसलेच नाहीत. वळणावर सायकलवरची एक शिंपीण दिसली, तीही गाडी धडकल्यावर. शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं फुटून रस्ताभर पसरलं होतं. धाकटीने धावत जाऊन रुग्णवाहिकेला फोन केला आणि शिंपिणीचं डोकं मांडीवर घेतलं. पाय वाकडा झाला होता, पण श्वास चालू होता. "कपडे उद्या द्यायचेत हो," एवढंच ती पुटपुटत राहिली.

रुग्णवाहिका तिला घेऊन गेली आणि पाठोपाठ पोलिसांची गाडी आली. धाकटी वळली, तर नवरा शेजारच्या सीटवर बसलेला. इतकंच नाही, ड्रायव्हरची सीट त्याने तिच्या उंचीला पुढेही ओढून ठेवली होती. बाई रस्त्यात विव्हळत असताना याला ते सुचलं!

मागच्या सीटवरून उतरलेल्या सासूबाईंनी तिचा दंड घट्ट धरला. "बस लवकर. तू प्यायली नाहीस, अपघात म्हणून सुटशील. त्याचा संसार तुझाच आहे ना?"

हवालदाराने पुढे ओढलेली सीट पाहिली, तिच्या पर्समधलं लायसन पाहिलं आणि यंत्राची नळी तिच्यापुढे धरली. तिने सवयीने फुंकली. आकडा शून्य आला. सासूबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"हे शून्य माझं आहे," ती म्हणाली. तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं. "गाडी यांनी चालवली. त्यांचं रक्तही आत्ताच घ्या, संध्याकाळपर्यंत दारू उतरेल. आणि याआधी दोनदा नाकाबंदीवर मी अशीच जागा बदलली. तेही लिहा."

"बाई, तोही गुन्हा होतो."

"म्हणूनच सांगतेय. तेव्हाच खरं बोलले असते, तर यांच्या हातात आज गाडी नसती."

घर बुडवलंस, असं सासूबाई म्हणत होत्या. तिला रडू फुटलं, तरी तिने शब्द मागे घेतला नाही. हवालदाराने नवी नळी लावून नवऱ्यापुढे धरली. तो दाराशी अंग चोरून बसला होता. आता आणखी सरकायला जागा नव्हती.