बाबांचा सूरकाटा

वर्तमानपत्रात धाकटीचा फोटो आला तेव्हा थोरली वर्कशॉपमध्ये एका अकॉर्डियनचा फाटका भाता चिकटवत बसली होती. फोटोत धाकटी मधोमध, हातात बासरी, आणि मागे लोकांनी देऊन टाकलेल्या जुन्या अकॉर्डियनांचा ढीग. सातासमुद्रापार, जिथल्या खेड्यातल्या शाळेत धड एक ढोलकंही नाही, तिथे ही बाई संगीत घेऊन चालली आहे, असं तिला पाठवणाऱ्या संस्थेने छापून आणलं होतं. ढिगातले भाते कोण जोडणार, आतल्या सुरांच्या गंजलेल्या धातूच्या पत्त्या घासून सुरात कोण आणणार, याबद्दल अवाक्षर नव्हतं. याला आयत्या बिळावर नागोबा नाही तर काय म्हणायचं?

थोरलीच्या पोटात दुखलं. दुखणं जुनंच होतं. बाबांनी एका मुलीला बासरी घेऊन दिली आणि दुसरीला कानस. धाकटी क्लासला जायची, थोरली बाबांच्या शेजारी स्टुलावर बसून पत्त्या घासायची. पाहुणे आले की धाकटीला वाजवायला सांगत. कानस चालवून दाखव, असं थोरलीला कोण सांगणार? पुढे बाबा गेले. वर्कशॉप थोरलीकडे आलं आणि टाळ्या धाकटीकडे गेल्या.

एक वस्तू मात्र निखालस थोरलीची होती: बाबांचा सूरकाटा. दोन पात्यांचा, स्टीलचा; गुडघ्यावर आपटून कानाशी धरला की त्यातून एकच सूर निघे आणि त्यावर सगळं वाद्य लावायचं. बाजारात मिळतो तसा मात्र तो नव्हता. बाबांना चढा सूर आवडे, म्हणून त्यांनी त्याची टोकं घासून तो मुद्दाम चढवला होता. घरातली वाद्यं त्यावर लावायची, गिऱ्हाइकांची बाजारातल्या काट्यावर, हा वर्कशॉपचा नियम होता. जाण्याआधी बाबांनी तो थोरलीच्या हातात दिला होता आणि धाकटी दाराशी उभी राहून बघत होती. थोरलीला तो प्रसंग आठवायला फार आवडे.

आता तिने वर्तमानपत्राची घडी घातली, बाजारातला काटा खणात टाकला आणि बाबांचा बाहेर काढला.

धाकटीची बासरी एकसंध लाकडाची, सूर कायमचा ठरलेला. अकॉर्डियन तिच्याहून चढे लागले की दोन्ही एकत्र वाजवल्यावर ऐकणाऱ्याचे दात आंबणार, आणि त्या खेड्यात पत्त्या पुन्हा घासणार कोण? शाळेतल्या पहिल्या कार्यक्रमात, संस्थेच्या बड्या लोकांसमोर, बासरीचं हसं होणार. थोरलीने एकूण एक पत्ती चढवली. काम मात्र इतकं सुरेख केलं की एकही सूर दुसऱ्याशी भांडला नसता. वाईट कामसुद्धा तिला वाईट करता येत नव्हतं.

पेटारे गेले, पाठोपाठ धाकटी गेली. तिचे फोन येत: मुलं भाता ओढताना स्वतःच मागे कोलमडतात, एकाच अकॉर्डियनवर तिघं तुटून पडतात. सुराबद्दल चकार शब्द नाही. खाई त्याला खवखवे. प्रत्येक फोनला थोरली सुराचा विषय निघायची वाट बघे.

कार्यक्रम संस्थेने मोबाइलवर दाखवला. थोरली हातातलं काम टाकून बघत बसली. मातीचं पटांगण, गुडघ्यांवर अकॉर्डियन घेतलेली मुलं, आणि धाकटी रिकाम्या हाताने पुढे आली. बासरी कुठेच नव्हती. तिने मुलांना खूण केली, भाते उघडले, आणि ती गाऊ लागली. बाबा काम करताना गुणगुणायचे तीच चाल, त्याच चढ्या सुरात. आवाज जरा खरखरीत होता, पण सूर नेमका होता. लोक उठून उभे राहिले. करायला गेली काय आणि झालं काय! थोरलीचा असा जळफळाट झाला की तिने मोबाइल पालथा घातला. बासरी काढून घेतली, तर हिला गळा फुटला!

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. थोरलीने कौतुकाचे दोन शब्द जुळवून ठेवले होते, पण तोंडून दुसरंच निघालं.

"मी मुद्दाम केलं होतं."

"माहीत आहे, ताई. पहिला पेटारा उघडला, एक बटण दाबलं, तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"आधी रागच आला. बासरी डब्यात टाकून बसले. मग मुलं वाजवायला लागली आणि घर ऐकू आलं. बाबांनी मला बासरी दिली गं, पण सूर तुला दिला. मी दाराशी उभी होते, आठवतं? तुझा इतका हेवा कधीच वाटला नव्हता."

मग धाकटी पुढच्या खेपेबद्दल बोलू लागली. शेजारच्या गावातल्या शाळेलाही अकॉर्डियन हवे होते, आणि दोन्ही शाळांना एकत्र वाजवायचं असल्यामुळे तेही याच सुरात लागायला हवे होते. म्हणजे आता गिऱ्हाइकांच्या वाद्यांसाठीही बाबांचाच काटा, आणि तो वापरणारी थोरली. वर्कशॉपचा जुना नियम बाबांनी मोडला नसता, तो तिच्या कुचकेपणाने मोडला.

पुढची खेप बांधून झाली. शेवटच्या पेटाऱ्यात थोरलीने फडक्यात गुंडाळून बाबांचा सूरकाटा ठेवला. बाजारातल्या काट्याची टोकं घासून त्याचा जोडीदार तिला अर्ध्या तासात करता आला असता. धाकटीलाही काहीतरी मिळायला हवंच होतं. तिने झाकण लावलं, दोरी बांधली, गाठ मारली.

मग गाठ सोडली, सूरकाटा काढला आणि खणात ठेवून खणाला कुलूप लावलं. पेटाऱ्यात नवा करून घालता येईल, तिने स्वतःला समजावलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी तिचा हेवा वाटत होता, आणि तो इतक्यात पार्सलने पाठवून द्यायची तिची तयारी नव्हती.