चौथी सीडी

“आता चौथी सीडी घाला, मिस्टर टॉलिव्हर. आणि स्क्रीनवरची पट्टी पुढे सरकतेय का, तेवढं सांगा.”

“सरकतेय. पण फारच हळू,” पलीकडून केंटकीमधला म्हातारा म्हणाला.

“सरकू दे. मी आहे फोनवर.”

पद्मजा दाबके खुर्चीत मागे टेकली. चौथ्या सीडीला सगळ्यात जास्त वेळ लागायचा, आणि लोक बोलायला लागायचे ते याच वेळी. टॉलिव्हर त्यांच्या चर्चमधल्या गायकांबद्दल सांगू लागले. दोन बायका वारल्या, एकीला ऐकू येईनासं झालं, म्हणून आहेत त्यांचे आवाज रेकॉर्ड करून ठेवायचे होते. पद्मजा ‘हो का’, ‘मग?’ म्हणत राहिली. पट्टी भरली तेव्हा त्यांच्या कॉम्प्युटरवर एक लांबलचक नंबर आला. त्यांनी तो वाचून दाखवला, पद्मजाने आपल्या मशीनमध्ये टाकला आणि त्याच्या बदल्यात आलेला नंबर त्यांना एकेक अक्षर करून सांगितला. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा सॉफ्टवेअर उघडलं.

“थँक यू, पॅम,” टॉलिव्हर म्हणाले. पद्मजा हे नाव कुणाला जमत नसल्यामुळे फोनवर ती पॅम होती.

ओहायोतल्या डब्लिनमधली ही छोटी कंपनी घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करण्याचं सॉफ्टवेअर बनवायची. चोरून कॉपी करू नये म्हणून त्याला असं फोनवरचं कुलूप होतं. कॉम्प्युटर बदलला, बिघडला, की सगळं पहिल्यापासून. सांगलीच्या शाळेत गणित शिकवणारी पद्मजा नवऱ्यामागून अमेरिकेत आली आणि बऱ्याच वर्षांनी या खुर्चीत येऊन बसली. लोक चिडून फोन करायचे आणि बोलता बोलता निवायचे. नेब्रास्कातल्या एका बाईला इराकमध्ये असलेल्या मुलाचं गाणं कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घ्यायचं होतं. ती पट्टी सरकेपर्यंत रडत होती. पद्मजाने तोवर फोन ठेवला नव्हता.

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत तिचं तोंड दुखायचं. घरात तिचे यजमान श्रीराम खिडकीपाशी बसलेले असायचे. आदल्या वर्षीच्या अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात गेला आणि बोलणं अडकलं. समजायचं सगळं, शब्द तेवढे यायचे नाहीत.

“मला... मला...”

“पाणी?” ती पर्स ठेवता ठेवता विचारायची.

ते ‘हो’ अशी मान हलवायचे. पाणी नको असलं तरी बऱ्याचदा हलवायचे.

बोलणं शिकवायला आठवड्यातून दोनदा थेरपिस्ट यायची. ती पद्मजाच्या ऑफिसच्या इन्शुरन्सवर.

२००४च्या वसंतात नरेंद्र आला. नागपूरचा मुलगा, व्हिसावर, पहिलीच नोकरी. इन्स्टॉलेशन आणि लायसन्सचं कुणालाच नको असलेलं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. तो दुसरा हेडसेट लावून आठवडाभर पद्मजाच्या शेजारी बसला.

“ताई, लोक एक्झॅक्टली कुठे अडकतात?”

“इंग्रजी ओ आणि शून्यात. आधी तो घोळ काढ. चार सीड्या कशाला लागतात ते बघ. आणि हे बघ नरेंद्र, कॉम्प्युटर बंद पडला म्हणून माणूस फोन करतो, तर आपण त्याला चोर असल्यासारखे प्रश्न विचारतो. ते मला विचारायला लाज वाटते.”

त्याने मनावर घेतलं. दुपारी डबा खाताना तो तिच्यापाशी यायचा, स्क्रीनचे कागद दाखवायचा. ती म्हणायची, “हे वाक्य वकिलासारखं वाटतंय, सोपं कर,” आणि तो सोपं करायचा.

उन्हाळ्याच्या शेवटी त्याने तिला आपल्या डेस्कवर बोलावलं. एकच डिस्क होती. तिने ती घातली, नाव लिहिलं, बटण दाबलं. लायसन्स इंटरनेटवरून आपोआप आलं. जुन्या कॉम्प्युटरवरचं लायसन्स नव्यावर नेणंही एका क्लिकचं काम होतं.

“इतकंच?”

“इतकंच, ताई.”

तिला खरंच आनंद झाला. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांसाठी बेसनाचे लाडू नेले.

नवी आवृत्ती बाजारात आली आणि दिवाळीपर्यंत फोन विरळ झाले. फोन घेणारी सहाजणं हेडसेट गळ्यात अडकवून पत्ते खेळायची, कॉम्प्युटरवर. एकदा पद्मजाला नव्या गिऱ्हाइकांमध्ये टॉलिव्हरांचं नाव दिसलं. त्यांनी नवी आवृत्ती घेतली होती, घरी लावलीही होती. त्यांना फोन करावा लागला नव्हता. गायकांपैकी किती उरले, हे आता तिला कळणार नव्हतं.

जानेवारीत मॅनेजर लिंडाने सहाही जणांना आत बोलावलं. “प्रॉडक्ट आता इतकं सोपं झालंय,” ती म्हणाली, “आणि त्यात तुमचा मोठा वाटा आहे.” मग सहापैकी चौघांना तिने नोकरी संपल्याच्या पत्राची पाकिटं दिली. पद्मजाला एक मिळालं.

पार्किंगमध्ये नरेंद्र तिच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. हातात मोजे नव्हते.

“ताई, असं होईल हे मला माहीत नव्हतं.”

“मला थोडं थोडं होतं.”

“मग मला सगळं सांगत कशाला बसलात?”

“लोक रडकुंडीला यायचे रे.” तिने त्याच्या हातातली खरवडणी घेतली. “जा आत. काम चांगलं केलंस तू.”

 तिने राहिलेली काच साफ केली आणि ती गाडीत बसली.

इन्शुरन्स महिन्याअखेरीस संपला. थेरपिस्ट शेवटची येऊन गेली. जाताना तिने श्रीरामांचा डावा हात बराच वेळ धरून ठेवला. पद्मजाने दोन-तीन ठिकाणी अर्ज टाकले, एका दुकानातून ‘कळवू’ असं उत्तर आलं.

सोमवारी दुपारी ती श्रीरामांसमोर बसून भाजी निवडत होती. ते तिच्याकडे बघत होते.

“द...” त्यांनी सुरुवात केली.

‘दूध?’ तिच्या ओठांवर आलं. तिने ते आत ठेवलं. भाजीची जुडी बाजूला सारली आणि हात मांडीवर घेतले.

“द... द...”

गालाची एक बाजू ओढली जात होती. शब्द जवळ येत होता, परत जात होता. रस्त्यावरून बर्फ काढणारी गाडी घरघरत आली, गेली, आवाज लांब जाऊन विरला. पद्मजा बसून राहिली.

“दमलीस,” श्रीराम म्हणाले.

ती ‘नाही’ म्हणणार होती.

“हो,” ती म्हणाली.