शेवटचा कण पडेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुने वाळूचे घड्याळ आहे आणि स्वभावाने हेवेखोर आहे. हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे पुढे मी कोणाबद्दल वाकडे बोललो तर तुम्हाला नवल वाटणार नाही.

देशाचे कायदे जिथे होतात त्या मोठ्या सभागृहात माझी उभी हयात गेली. अध्यक्षांच्या उंच आसनाखाली एक लांब टेबल आहे. त्या टेबलाशी सचिव बसतात आणि कामकाज टिपून घेतात. टेबलाच्या बरोबर मध्यावर माझी जागा होती. एका बाजूला नियमांचे जाडजूड पुस्तक आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचा जग. त्या जगाकडे लोक माझ्यापेक्षा जास्त वेळा हात नेत, हेही मला खपत नसे.

माझा जन्म एका काचकाम करणाऱ्याच्या भट्टीपाशी झाला. त्याने फुंकणीने दोन फुगे फुगवले आणि मध्ये केसाएवढी बारीक मान ठेवली. वाळू त्याच्या बायकोने धुतली, उन्हात वाळवली आणि तलम कापडातून पुन्हा पुन्हा चाळली. काचवाल्याची आई गुडघ्यांनी अधू होती. ती कोपऱ्यात स्टुलावर बसून सगळे पाहत असे.

"हे रे कुणासाठी?" तिने विचारले.

"कायदे करणाऱ्यांसाठी, आई. मत द्यायची वेळ आली की हे उलटं करणार. वाळू संपली की दारं बंद. मग कितीही मोठा माणूस असला तरी बाहेरच."

"अरे, त्यांच्यातही माझ्यासारखं कुणी असेल की! मान जरा आणखी बारीक ठेव. धापा टाकत येणाऱ्याला चार श्वास जास्त मिळू देत."

मुलगा हसला, पण आईचा शब्द त्याने मोडला नाही. म्हणून मी पहिल्यापासून किंचित सावकाश आहे. हे गुपित त्या घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हते. सभागृहात माझ्या वाळूलाच वेळ म्हणत, त्यामुळे मी सावकाश आहे असे कोणाच्या मनातही आले नाही.

काय दिवस होते ते! चर्चा संपली, होकार आणि नकाराचा गलका झाला आणि नुसत्या आवाजावरून निकाल लागेना, की अध्यक्ष म्हणत, "मतविभागणी!" म्हणजे सदस्यांनी दोन बाजूंना उभे राहायचे आणि डोकी मोजायची. सचिव मला उचलून उलटे करत. इमारतभर घंटा वाजू लागत. कोणी ग्रंथालयातून, कोणी उपाहारगृहातून तोंड पुसत धावत येई. आत येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे पाही. मंत्री असो की काल निवडून आलेला नवखा असो, सगळ्यांच्या नजरा माझ्या कमरेवर खिळलेल्या असत. शेवटचा कण पडला की अध्यक्ष म्हणत, "दारं लावा." शब्द त्यांचे असले तरी हुकूम माझाच असे. मी फार भाव खात असे, हे खोटे नाही.

आणि मग तो आला.

समोरच्या भिंतीवर, सगळ्यांना दिसेल अशा उंचीवर, त्याला शिडी लावून चढवले. काळा चौकोनी चेहरा आणि आत लाल आकडे. त्याला टिकटिक नाही, वाळू नाही, आजी नाही. पण तो उजळला आणि अख्खे सभागृह माना वर करून बघत राहिले. माझ्या तर पोटात दुखू लागले. त्याचा चेहरा रोज मऊ फडक्याने पुसत. माझ्यावरची धूळ मात्र नियमांच्या पुस्तकाबरोबर एका फटक्यात झटकत. त्याला नुसते पडसे झाल्यासारखे वाटले, एखादा आकडा फिकट दिसला, की लांबून तंत्रज्ञ बोलावत. माझ्या लाकडी बुडाला चीर गेली तेव्हा सचिवांनी खाली दुमडलेला कागद सारला आणि काम भागवले.

एकदा एका अधिकाऱ्याने आम्हा दोघांना बरोबर सुरू करून पाहिले. त्याचे आकडे शून्यावर आले तेव्हा माझ्या वरच्या फुग्यात थोडी वाळू शिल्लक होती.

"हे मागे पडतं," अधिकारी म्हणाला. "म्हातारं झालं बिचारं."

बिचारं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मागे पडत नव्हतो, मला तसे घडवले होते. पण मला तोंड कुठे आहे? तेव्हापासून दारावरचा रक्षक माझ्याकडे बघेनासा झाला. त्याची नजर भिंतीवर. सचिव अजूनही सवयीने मला उलटे करत, पण ते देवघरात न बघता घंटी वाजवावी तसे. मनातल्या मनात मी रोज एकच मागणे मागत असे, की त्या लाल तोंडाची एकदा सर्वांसमोर फजिती होऊ दे.

पण मित्रांनो, घड्याळ बदलताना ही शहाणी माणसे एक गोष्ट विसरली होती. नियमांच्या पुस्तकात जुनेच वाक्य राहून गेले होते. 'वाळूचा शेवटचा कण पडेपर्यंत दारे उघडी राहतील.' दुसऱ्यांसाठी कायद्यावर कायदे करणाऱ्यांनी स्वतःच्या नियमातली एक ओळ बदलली नव्हती.

आता त्या दिवसाचे सांगतो. त्या दिवशी एका सदस्याबाईंचे विधेयक मताला यायचे होते. या बाई निवडून येण्यापूर्वी कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसत, म्हणून सगळे त्यांना शिवणताई म्हणत. त्यांची धाकटी बहीणही त्याच कारखान्यात होती. तिथे एकदा आग लागली. मजुरांनी मध्येच उठून जाऊ नये म्हणून मालकाने दाराला बाहेरून कुलूप घातले होते. शिवणताईंची त्या दिवशी सुट्टी होती. बहीण आतच राहिली.

ताईंचे विधेयक एवढेसेच होते. आत माणसे असताना कारखान्याच्या दाराला कुलूप लावायचे नाही. बस. पण ते मताला येता येता वर्षे गेली होती. कधी वेळ नाही, कधी कागद अपुरे, कधी सभागृहच तहकूब. त्या दिवशी सत्र संपत होते आणि लवकरच निवडणूक होती. त्या दिवशी विधेयक पडले असते तर पुन्हा सगळे पहिल्यापासून, आणि ताई पुन्हा निवडून येतील याची काय खात्री?

ताई बोलायला उभ्या राहिल्या. त्या फार चांगल्या वक्त्या नाहीत, पण त्या दिवशी सगळे गप्प बसून ऐकत होते. इतक्यात भिंतीवरचे लाल आकडे लुकलुकू लागले. वेळ संपला! ताईंनी वर पाहिले आणि वाक्य अर्धेच टाकून त्या खाली बसल्या. बघा, त्यांनीसुद्धा त्याच्याकडेच पाहिले. मी टेबलावर त्यांच्या हाताच्या अंतरावर होतो.

वरच्या सज्जात प्रेक्षक बसतात. तिथे पहिल्या रांगेत ताईंची आई बसली होती. मुलीचे वाक्य असे अधांतरी राहिलेले ऐकले आणि म्हातारीची मान कलली. शेजारच्यांनी तिला धरून बाहेर नेले. ताई ताडकन उठल्या आणि बाहेर धावल्या.

समोरच्या बाकांवर एक कारखानदार सदस्य होते. विधेयकाला त्यांचा कडवा विरोध. ताईंची रिकामी जागा पाहून त्यांचे डोळे चमकले.

"अध्यक्ष महोदय, चर्चा पुरे झाली. आत्ताच मत घ्या!"

अध्यक्षांनी सभागृहाचा कल विचारला. होकाराचा आणि नकाराचा आवाज सारखाच आला. "मतविभागणी!" अध्यक्ष म्हणाले. सचिवांनी मला उलटे केले आणि घंटा वाजू लागल्या. भिंतीवर लाल आकडे उतरू लागले.

बाहेर काय झाले ते मला पुढे कळले. सज्जाबाहेरच्या बाकावर म्हातारी डोळे मिटून पडली होती आणि ताई तिला घोट घोट पाणी पाजत होत्या. घंटा ऐकून म्हातारीने डोळे उघडले.

"जा गं. दार लावतील ते."

"तुला अशी टाकून कशी जाऊ?"

"मला काय धाड भरलीय? धाकटीसाठी जा. पळ!"

ताई पळाल्या. लिफ्ट समोरच होती, पण त्या आगीनंतर आपोआप बंद होणाऱ्या दारामागे उभे राहणे त्यांना जमत नाही. त्यांनी जिना धरला.

आत सगळे आपापल्या बाजूला उभे होते. माझ्यातली वाळू शांतपणे पडत होती. लाल आकडे शून्यावर आले आणि दारावरच्या रक्षकाने दोन्ही दारे ओढली. कडी बसली. त्याच क्षणी बाहेरून कोणीतरी दारावर थाप मारली.

"अहो, उघडा! मी आहे!"

सगळ्यांनी आवाज ओळखला. रक्षकाने अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्षांनी खिन्नपणे मान हलवली. आता नाही. कारखानदार हसले.

मित्रांनो, त्या वेळी मला ताईंची आठवण आधी आली असे मी म्हणणार नाही. मला आधी राग आला. मी संपलो नव्हतो! माझ्या वरच्या फुग्यात वाळू होती, ती पडत होती आणि त्या भिंतीवरच्या लाल तोंडाने माझ्या आधी दार लावले होते. मग पुन्हा थाप ऐकू आली आणि मला काचवाल्याची आई आठवली. ते चार श्वास, ज्यांच्यावरून मला म्हातारं म्हटले, ते या बाईचे होते आणि ते कोणीतरी तिच्या हातातून काढून घेत होते. मी ओरडू शकत नव्हतो. मी फक्त पडू शकत होतो.

विरोधकांच्या रांगेत एक गृहस्थ होते. त्यांना सगळे नियमबुवा म्हणत. स्वल्पविराम चुकला तरी ते हरकतीचा मुद्दा काढत आणि शब्दाचा कीस पाडत. स्वतःच्या बाजूचे लोकही त्यांना वैतागलेले असत. तेही विधेयकाच्या विरोधातच उभे होते. त्यांची नजर टेबलावर गेली. ते थबकले. चष्मा वर करून त्यांनी मला नीट पाहिले.

"अध्यक्ष महोदय, हरकतीचा मुद्दा! वाळू पडते आहे!"

"खाली बसा हो!" कारखानदार दबक्या आवाजात म्हणाले. "आपलंच नुकसान करताय!"

"नुकसान गेलं चुलीत! पुस्तकात काय लिहिलंय? शेवटचा कण पडेपर्यंत. दार आत्ता बंदच होऊ शकत नाही. ही मतविभागणी बेकायदा ठरेल!"

अध्यक्ष पुढे वाकले. सचिव वाकले. किती वर्षांनी सभागृहातला एकूण एक डोळा माझ्यावर आला! वर अगदी थोडी वाळू उरली होती, चिमटीत मावेल एवढी.

"दार उघडा," अध्यक्ष म्हणाले.

ताई आत आल्या तेव्हा त्यांच्या पायांत एकच चप्पल होती. त्या होकाराच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकू लागल्या. माझा शेवटचा कण पडला. दारे पुन्हा लागली. मोजणी झाली. ताई नसत्या तर दोन्ही बाजू सारख्या झाल्या असत्या आणि विधेयक पडले असते. ते एका मताने मंजूर झाले.

टाळ्या झाल्या. ताई रडत होत्या. लोकांनी त्यांचे हात हातात घेतले. माझ्याकडे कोणी आले नाही. आणि बाहेर जाता जाता ताईंनी डोळे पुसून वर पाहिले. कुठे म्हणाल? त्या लाल आकड्यांकडे! मला आतून फुटून जावेसे वाटले.

पुढचे ऐका. दुसऱ्याच सत्रात नियमबुवांनी स्वतः प्रस्ताव आणला. एका सभागृहात वेळेची दोन मापे असणे योग्य नाही, म्हणून नियमातला वाळूचा उल्लेख काढावा. प्रस्ताव बिनविरोध मंजूर झाला. नव्या निवडणुकीत ताईही निवडून आल्या होत्या. त्यांनीसुद्धा हात वर केला, बहुधा न ऐकताच. ज्या दिवशी मी खरा उपयोगी पडलो, त्याच दिवसामुळे माझी जागा गेली.

आता मी जिन्याजवळच्या काचेच्या कपाटात असतो. शेजारी चांदीची दौत आहे. पाहुणे आधी तिलाच पाहतात. तिचे झाकण चकचकते, दुसरे काय! कपाटाला एक लहानसे कुलूप होते. तिथे मला उलटे करायला कोणी नव्हते आणि माझी सगळी वाळू खाली बसून राहिली होती.

एके दिवशी ताई आईचा हात धरून तो जिना उतरत होत्या. म्हातारी कपाटापाशी दम घ्यायला थांबली.

"हेच का ते?" तिने विचारले.

"हो, आई. हे सावकाश होतं म्हणून मी पोचले."

ताई प्रथमच माझ्याकडे पाहत होत्या. म्हातारीने मात्र कुलपाकडे पाहिले. तिने कपाटाची राखण करणाऱ्याला हाक मारली.

"याला कुलूप का रे बाबा?"

"कुणी उचलून नेईल म्हणून, आजी."

"काढ ते. आत कुणी असताना कुलूप लावायचं नाही, असा कायदा झालाय."

राखणदार हसू लागला, पण म्हातारी हसत नव्हती. त्याने ताईंकडे पाहिले आणि मुकाट्याने किल्ली लावली. ताईंनी मला दोन्ही हातांनी उचलले आणि उलटे केले. मग त्या दोघी तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनी कुठल्या भिंतीकडे वळून पाहिले नाही. शेवटचा कण पडेपर्यंत त्या माझ्याकडेच बघत होत्या. तेवढा वेळ मला कोणाचाही हेवा वाटला नाही.

ते कुलूप पुन्हा लागलेले नाही. मित्रांनो, तुम्ही कधी तिकडे आलात तर राखणदाराला सांगून मला एकदा उलटे करा. माझ्यासमोर त्या लाल आकड्यांचे कौतुक मात्र करू नका, मला अजून सहन होत नाही. आणि कुठलेही दार लावण्याआधी एकदा बाहेर डोकावून पाहत जा. जिन्यात कोणीतरी धावत येत असते.