मुका शनिवार, अर्धा पाइंट

यतीन बोंडेला इंग्लंडनं दोन गोष्टी दिल्या होत्या, एक गुडघेदुखी आणि दुसरा धर्म. अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनला पाठवण्याआधी कंपनीनं त्याला दीड वर्ष शेफील्डला ठेवलं होतं. तिथल्या ऑफिसातली पोरं दर शनिवारी एका फुटबॉल टीमच्या मागे गावोगाव हिंडायची. ती टीम शेवटची कधी जिंकली होती हे कुणाला आठवत नव्हतं, पण रीत पक्की होती. परगावी मॅच असली की आधी त्या गावातला जुन्यात जुना पब गाठायचा, तिथली बिअर पिऊन तिला बरं म्हणायचं, तिथल्या टीमला वाईट म्हणायचं, आणि मगच ग्राउंडवर जायचं. देवळात शिरण्याआधी पाय धुतात, तसं. यतीननं ही रीत अटलांटिक ओलांडून व्हर्जिनियात आणली. विमानतळावर कुणी विचारलं नाही म्हणून त्यानंही सांगितलं नाही.

व्हर्जिनियात त्याच्या वाट्याला आलेली टीम अकरा-बारा वर्षांच्या मुलींची होती आणि तिची गोलकीपर होती त्याची लेक इशिता. परगावी मॅच असली की मुलींना वॉर्मअपसाठी लवकर सोडावं लागे. बाकीचे आईबाप घडीच्या खुर्च्या मांडून संत्री सोलत बसत. यतीन पब शोधायला निघे. अर्धा पाइंट बिअर, खारे शेंगदाणे, विषय संपला. गाडी त्याची बायको आसावरी चालवायची. ती पुण्याची असल्यामुळे टोमॅटो ज्यूस घ्यायची आणि शेंगदाणे खवट आहेत असं सांगायची.

टीमची मॅनेजर लोरेन हिला हे मान्य नव्हतं. काही पालक मॅचच्या आधी बारमध्ये जातात, अशी ईमेल तिनं सगळ्यांना टाकली. यतीननं सगळ्यांनाच उत्तर टाकलं, 'बार नव्हे, पब.' त्यानंतर लोरेन त्याच्याशी फक्त संत्र्यांविषयी बोलायची.

इशिताचे हात चांगले होते. अडचण पायांची होती. बॉल घेऊन कुणी धावत आलं की ती गोलच्या रेषेवर खांबासारखी उभी राहायची. गोलला दोन खांब आधीच असतात, तिसऱ्याची गरज नव्हती. यावर इलाज एकच होता. यतीन ग्राउंडच्या काठावरून बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "ईशी, पुढे ये!" की पोरगी सुटायची. नंतर गाडीत ती म्हणायची, "बाबा, यू आर सो एम्बॅरसिंग." पण ओरडू नकोस, असं ती कधीच म्हणाली नव्हती.

आणि खरं सांगायचं तर ओरडायची गरज यतीनलाही होती. २००१च्या सप्टेंबरपासून तो लिफ्टमध्ये मराठी कुजबुजायचा. रांगेत उभा असताना नागपूरहून आईचा फोन आला तर "हो हो, नंतर" म्हणून ठेवून द्यायचा. लोक वळून बघतात. दोन वर्षं झाली, तरी बघतातच. त्याच्या मराठीला मोकळं सोडायला अमेरिकेत एकच जागा उरली होती, आणि तिच्या मधोमध फुटबॉल चालायचा.

तीच जागा लीगनं काढून घेतली. ऑक्टोबरातल्या विंचेस्टरच्या मॅचला 'सायलेंट सॅटर्डे', म्हणजे मुका शनिवार, जाहीर झाला. पालकांच्या आरडाओरड्यानं मुलींवर ताण येतो, सबब काठावरच्या पालकांनी तोंडातून आवाज काढायचा नाही. जो काढेल, त्याची मुलगी उरलेली मॅच बाहेर बसेल. त्याच आठवड्यात कोचनं इशिताला सांगितलं होतं की या वेळीही रेषेला चिकटून राहिलीस तर ग्लव्ह्ज केटलिनला. केटलिन म्हणजे लोरेनची मुलगी.

विंचेस्टरच्या रस्त्यावर सफरचंदाच्या बागा मागे पडत होत्या. मागच्या सीटवरून इशिता म्हणाली, "सो यू कान्ट येल टुडे."

"नाही."

"लाइक, ॲट ऑल?"

"ओरडलो तर तुला बाहेर काढतील गं."

ती ग्लव्ह्ज घालून बसली होती. अजून अर्धा तास रस्ता होता.

"काहीच्या बाही नियम करतात मेले," आसावरी म्हणाली. "उद्या म्हणतील श्वास नाकानंच घ्या."

विंचेस्टरचा पब शोधावाच लागला नाही. 'द थ्री मंक्स' ग्राउंडला लागूनच होता. मध्ये फक्त एक कुंपण, आणि त्याच्या पलीकडे पबचा मागचा लाकडी ओटा, त्यावर सिगारेटी ओढणारे म्हातारे. दारावर पाटी होती, 'एकवीस वर्षांच्या आतल्यांना प्रवेश नाही. ओळखपत्र सगळ्यांनी दाखवायचं.' दाराशी मालक वॉल्ट स्वतः उभा होता. त्यानं यतीनच्या पांढऱ्या कल्ल्यांकडे पाहिलं आणि लायसन्स मागितलं.

"मी चाळीस वर्षांचा आहे," यतीन म्हणाला.

"असशील. मी माझ्या आईलाही विचारतो. मागच्या महिन्यात पर्स विसरून आली, तर परत पाठवली."

हा माणूस नियमाचा पक्का आहे हे यतीनच्या ध्यानात राहिलं. त्यानं अर्धा पाइंट घेतला, बिअरला बरं म्हटलं, विंचेस्टरच्या मुलींना वाईट म्हटलं आणि सायलेंट सॅटर्डेची हकीकत सांगितली. म्हातारे सुन्न झाले.

"म्हणजे फुटबॉल बघायचा आणि गप्प बसायचं?" एकानं विचारलं. "मग घरी बायकोबरोबर बसलेलं काय वाईट?"

ग्राउंडवर लोरेन सगळ्यांना लॉलीपॉप वाटत होती. तोंडं भरलेली राहावीत, ही लीगची कल्पना. चाळीसेक घोडे झालेले आईबाप रांगेत बसून लॉलीपॉप चोखत होते. यतीनच्या वाट्याला हिरवा आला.

पहिल्या हाफमध्ये इशिता पलीकडच्या टोकाला होती. विंचेस्टरची नऊ नंबरची मुलगी दोनदा एकटीच आत घुसली, दोनदा इशिता रेषेवर खिळून राहिली, दोन गोल झाले. दोन्ही वेळा तिनं मान वळवून काठाकडे पाहिलं. यतीनच्या तोंडात लॉलीपॉपची काडी होती. कोचनं केटलिनला काठाशी बोलावून तिच्या कानात काहीतरी सांगितलं.

हाफटाइमला बाजू बदलल्या आणि इशिता अलीकडच्या गोलमध्ये आली. म्हणजे कुंपणाला लागून. म्हणजे पबच्या ओट्याच्या बरोब्बर समोर.

यतीननं काडी चावून तोडली.

"कुठे निघालास?" आसावरीनं खालच्या आवाजात विचारलं.

"काठ सोडून. नियम काठावरच्या पालकांना आहे ना?"

"यतीन, तिला बाहेर काढतील."

"रेषेवर उभी राहिली तरी काढणारच आहेत."

आसावरीनं क्षणभर विचार केला आणि पर्समधून त्याचं लायसन्स काढून दिलं. "जा. शेंगदाणे घेऊ नकोस."

तो ओट्यावर पोचतो न पोचतो तोच लोरेन तरातरा पबच्या दाराशी आली. वॉल्टनं हात आडवा केला.

"ओळखपत्र?"

"मी पंचेचाळीस वर्षांची आहे! व्हॅनमध्ये राहिलंय!"

"माझी आईपण हेच म्हणाली होती."

लोरेननं वॉल्टच्या काखेखालून आत डोकावलं. मागच्या दारातून यतीनची पाठ दिसत होती. दोन महिने संत्र्यांवर भागवलेलं सगळं मग एकदमच बाहेर पडलं.

"यतीऽऽन! कम आउट ऑफ देअर!"

अख्ख्या ग्राउंडनं ऐकलं. रेफ्री सोळा-सतरा वर्षांचा पोरगा होता. त्यानं शिट्टी मारून मॅच थांबवली, आवाजाच्या दिशेनं बघितलं आणि बोटानं केटलिनला बाहेर जायची खूण केली. लोरेनचा चेहरा पडला. इतका पडला, की यतीनला राहवलं नाही. तो कठड्यावर वाकला.

"सर! त्या बाई पबच्या दारात आहेत. काठावर नाहीत. नियम काठावरच्यांना आहे."

रेफ्री विचारात पडला. कुंपणाकडे पाहिलं, पबकडे पाहिलं, खात्री करून घ्यायला यावं म्हणून फाटकापर्यंत आला, तिथून एकवीसची पाटी वाचली आणि मागे फिरला. "ओके," तो म्हणाला. "पब इज नॉट साइडलाइन." केटलिन खेळत राहिली.

निकाल लागला होता, आणि तो सगळ्यांना लागू होता. यतीननं वळून लोरेनकडे पाहिलं. लोरेननं दुसरीकडे पाहिलं. तेवढ्यात काठावरचे पाच-सहा बाप लॉलीपॉप खुर्चीवर ठेवून लायसन्स चाचपत पबकडे निघाले.

"काय ओरडायचं ते शिकव," वॉल्ट म्हणाला.

"पुढे ये."

"पूडे यी," म्हातारे म्हणाले.

"चालेल."

नऊ नंबरची पुन्हा सुटली. सगळे मागे पडले, मध्ये फक्त गवत. इशिता रेषेवर. यतीननं छाती भरून घेतली, आणि दोन वर्षांत लिफ्टमध्ये, रांगेत, फोनवर गिळलेलं सगळं मराठी एका दमात बाहेर काढलं.

"ईशीऽऽ! पुढे येऽऽ!"

"पूडे यीऽऽ!" मागून अख्खा पब गरजला. पार्किंगमधले लोक वळून बघत होते. बघू देत.

इशिता सुटली. अशी सुटली, की नऊ नंबरचीच बावरली. इशितानं तिच्या पायावर लोळण घेतली, बॉल पोटाशी आवळला आणि चिखलातून उठली. काठावर शुकशुकाट होता. खेळाडूंना मात्र बोलायची मुभा होती. तिनं पबकडे तोंड केलं आणि अख्ख्या विंचेस्टरला ऐकू जाईल असं खेकसली.

"आले ना, बाबा! आले!"

मॅच मुली हरल्याच. दोन-शून्य. ग्लव्ह्ज मात्र इशिताकडेच राहिले. सोमवारी लीगची ईमेल आली की यापुढे काठ म्हणजे कुंपणापलीकडचे दोनशे फूटही. यतीननं ऑफिसच्या लिफ्टमध्ये आसावरीला फोन लावला आणि खणखणीत मराठीत विचारलं, "अगं, पुढची मॅच कल्पेपरला ना? तिथला पब ग्राउंडपासून किती फुटांवर आहे बघ जरा. आणि मला ओरडायला किती जोर लावावा लागेल तेही."

लिफ्टमधले लोक वळले. यतीननं त्यांना मान तुकवून नमस्कार केला आणि बोलत राहिला.