घरची गोधडी

"अगं, धाव! गाडला गेलो मी!"

काकू ओले हात पदराला पुसतच आतल्या खोलीत धावल्या. काका कपाटासमोर बसकण मारून बसले होते आणि त्यांच्या डोक्याखांद्यांवर कापडंच कापडं होती. दाराची बिजागरी निखळली होती, दार एका अंगाला लोंबत होतं. त्यांना हवा होता फक्त टॉर्च.

"लागलं का कुठं?"

"कापडाखाली चिरडून आजवर कोणी गेलेलं नाही म्हणून वाचलो."

"अहो, ते निळं तुडवू नका! घडी घातलेली आहे त्याची."

काका जन्मभर पाण्याचे पंप दुरुस्त करत हिंडलेले. खांद्यावरचा फुलाफुलांचा तुकडा उचलत ते म्हणाले, "पाणी तुंबलं तर मी मोकळं करून देतो. हे कापड तुंबलंय, त्याला कुठला पाना लावू?"

काकू गोधड्या शिवत. गल्लीत मूल जन्मलं की त्याची पहिली गोधडी काकूंचीच, हे ठरून गेलेलं. कोपऱ्यावरचे टेलरमास्तर उरलेले तुकडे पिशवी भरून पाठवत. कोणी जुने पडदे आणून देई, कोणी लहान झालेले फ्रॉक. काकूंच्या तोंडून कधी 'नको' निघालं नाही. कपाट भरलं, मग पलंगाखालची जागा भरली, मग पाहुण्यांची खोली. पाहुणेही शहाणे, एका मुक्कामात निघू लागले. काका म्हणत, घर कापडांचं आहे, आपण नुसते पोटभाडेकरू.

कापडं कोसळल्याची बातमी फोनवरून मुलीकडे गेली. मुलगी दवाखान्यात नर्स. सुट्टीच्या दिवशी सकाळीच रिकामी खोकी घेऊन ती हजर झाली.

"आई, तीन ढीग करायचे. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं."

"टाकायचं काही नाहीये."

"बरं. मग दोन."

दोघी जमिनीवर बसल्या. काका बिजागरी बसवता बसवता ऐकत होते. सुरुवातीला काम काही पुढं सरकेना. मुलगी एक तुकडा उचले आणि काकू त्याचा सगळा जन्म सांगत. हा टेलरमास्तरांच्या पहिल्या मशीनवरचा, हा मुलीच्याच शाळेच्या स्कर्टचा, हा कुठून आला आठवत नाही पण रंग बघ ना कसा आहे.

"आई, रंग चांगलाय. पण तू याचं करणार काय?"

"होईल काहीतरी."

"अंगठ्याचं डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय ना?"

काकूंनी उजवा अंगठा मुठीत मिटून घेतला. सांध्याची झीज झाली होती. टाके कमी करा, मोठी कामं तर घेऊच नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काकूंनी ते घराबाहेर कोणाला सांगितलं नव्हतं. गल्लीतल्या मागण्या मात्र त्यांनी गुपचूप पुढं ढकलायला सुरुवात केली होती.

त्यानंतर ढीग भराभर झाले. धड सुती कापड शिवणाच्या वर्गाला द्यायचं ठरलं. जाड पडद्यांच्या पिशव्या करायला शेजारीण तयार होती. दुपारपर्यंत पाहुण्यांच्या खोलीची फरशी दिसू लागली. "अरेच्चा, हिरवी आहे होय!" काका दारातून म्हणाले.

पलंगाखाली सगळ्यात आत पत्र्याची पेटी निघाली. मुलीनं झाकण उघडलं. आत एकाहून एक सरस कापडं होती. गर्द निळं, डाळिंबी, मोरपंखी, हळदीसारखं पिवळं. एकालाही कात्री लागलेली नव्हती.

"हे कशासाठी ठेवलंस गं?"

"चांगल्या गोधडीसाठी."

"कोणाच्या?"

काकूंनी पेटीत हात घातला. वरचं डाळिंबी रेशीम हळूच उचललं आणि झटकलं. घडी पडली होती तिथंच ते सरळ रेषेत चिरलं. आवाजसुद्धा झाला नाही. ना उंदीर, ना कसर. नुसतं ठेवून ठेवून घडीवर विरलं होतं. काकूंनी दोन्ही तुकडे मांडीवर घेतले. मुलीनं पेटीचं झाकण लावलं.

मग ती म्हणाली, "आई, एक विचारू? माझ्याकडे तुझ्या गोधड्या आहेत. सगळ्या गल्लीत आहेत. या घरात आहे का एखादी?"

काकूंनी पलंगाकडे पाहिलं. त्यावर काकांना निवृत्तीच्या वेळी मिळालेलं राखाडी ब्लँकेट होतं, गिरणीतलं, टोचणारं.

"होती एक," त्या म्हणाल्या. "ती बहिणीच्या बाळंतपणात गेली. मग दुसरी करायची राहूनच गेली."

"तुम्ही नाही मागितलीत, बाबा?"

काका स्क्रू पिळत होते. "तिच्याकडे रांग असायची. मी कुठं मधे घुसू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी पेटी खिडकीखाली ओढली. कात्रीला धार लावून घेतली होती. निळं कापड जमिनीवर पसरलं.

"अहो, जरा टोक धरा."

"कापतेस?"

"धरा म्हणते ना. ताठ धरा."

कात्री कापडात शिरली तेव्हा काकूंनी श्वास रोखला होता. ती अर्ध्यावर आली आणि त्यांनी तो सोडला.

काम सावकाश चाललं. पूर्वी एका बैठकीत जेवढं होई त्याला आता आठवडा लागे. अंगठा ठणकला की काकू गरम पाण्यात हात बुडवून बसत. सुया ओवायचं काम काकांकडे आलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून ते सुई अशी रोखून धरत, की जणू तिच्यात पाणी चढवायचंय. एकदा त्यांनी हौसेनं एक धावदोरा घातला. काकूंनी पाहिला.

"उसवा."

"अगं, प्रेमानं घातलाय."

"प्रेम सरळ रेषेत घाला. माझ्या गोधडीत वाकडी ओळ चालत नाही."

काकांनी उसवला, पुन्हा घातला. पुन्हा उसवला. कितव्यांदा तरी काकूंनी नखानं ओळ तपासली आणि नुसती मान हलवली. काका संध्याकाळी फाटकाशी टेलरमास्तरांना सांगत होते, "पास झालो!"

डाळिंबी रेशीम एकट्यानं टिकणार नव्हतं. काकूंनी त्याला मागून मऊ सुती अस्तर दिलं आणि ते मधोमध लावलं. कडेनं निळं, मोरपंखी, पिवळं फिरत गेलं. कोपरे इतके नेमके जुळले की मुलगी बोट फिरवून जोड शोधत राहिली.

गोधडी पुरी झाल्याचं मुलीनं दवाखान्यात सांगितलं, फोटो दाखवले. ते एका संग्रहालयातल्या बाईंपर्यंत पोचले आणि एका दुपारी त्या स्वतः आल्या. आल्या, गोधडीसमोर उभ्या राहिल्या, आणि कितीतरी वेळ बसायचंच विसरल्या.

"काकू, मी खूप काम पाहिलंय," शेवटी त्या म्हणाल्या. "असं क्वचित दिसतं. आमच्या दालनात काचेमागं लावू. खाली तुमचं नाव. हजारो लोक बघतील."

काकूंचा चेहरा उजळला. त्यांनी ते लपवलंही नाही. "बघण्यासारखी आहेच," त्या म्हणाल्या.

"मग देता?"

मुलगी आईकडे बघत होती. अशी दुसरी गोधडी या हातून होणार नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. जन्मात कोणाला नाही म्हणायची काकूंना सवय नव्हती. त्यांनी गोधडीच्या कडेवरून हात फिरवला.

"नाही, बाई. ही पांघरायची आहे."

"पण वापरली की विटेल. धुतली की रंग उतरेल."

"उतरू दे ना. आमच्या अंगावर उतरेल." मग त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. "तुम्ही बसा तरी. उलट्या बाजूचे टाके दाखवते. तिथंच खरं काम कळतं."

बाई पुष्कळ वेळ थांबल्या. वही न काढता, काही न टिपता, उलट्या बाजूनं एकेक ओळ बघत राहिल्या. जाताना त्यांनी दोन्ही हातांनी काकूंचा उजवा हात धरला, अंगठ्याला धक्का न लावता.

त्या गेल्यावर काकूंनी राखाडी ब्लँकेट काढून ठेवलं आणि गोधडी पलंगावर पसरली. ऐन उन्हाळा होता. पंखा गरम हवाच ढवळत होता. काका बाहेरून आले, पाय धुतले, आणि सरळ गोधडीत शिरून हनुवटीपर्यंत ती ओढून घेतली. थोड्याच वेळात त्यांच्या कपाळावर घाम दिसू लागला.

"गरम होत नाही का?"

"होतंय की."

"मग काढा ना."

"राहू दे."

काकूंनी पडदा ओढून घेतला. पलंगाच्या आपल्या बाजूला आडव्या झाल्या आणि उरलेला अर्धा भाग अंगावर घेतला.