आज टपाल बंद

दुपारी चार वाजता शिडाची एक बोट घशात शिरली. घसा म्हणजे दोन डोंगरांमधली अरुंद खिंड. भरतीचं सगळं पाणी तिच्यातून आत घुसतं आणि मधल्या खडकावर आपटून दोन्हीकडे भोवरे करतं. ते पाणी दिवसातून मोजक्याच वेळा थोडा वेळ उभं राहतं. बोटी तेवढ्यात पार होतात. चार वाजता ते उभं राहिलेलं नव्हतं.

बोटीवर दोन सख्खे भाऊ होते. थोरला मागे सुकाणूवर, तर धाकटा पुढच्या टोकाला, भावाकडे पाठ करून. थोरल्याची बायको घशावरच्या मनोऱ्यात, रेडिओवाल्याशेजारच्या खुर्चीत बसली होती. ती रस्त्याने आली होती. बोटीत चढायला तिने सकाळीच नकार दिला होता.

भावांचं बोलणं तीन वर्षांपूर्वी बंद झालं. याच बोटीचा तळ तेव्हा खडकाला घासला होता. थोरला म्हणे, मी वळव म्हणालो तेव्हा हा शिडाशी खेळत बसला. धाकटा म्हणे, हा काही म्हणालाच नाही. इंजिन त्या दिवशी बंद पडलं ते पुन्हा सुरू झालं नाही, आणि हे दोघंही. जेवताना शेजारी बसून धाकटा म्हणायचा, "वहिनी, तुमच्या नवऱ्याला सांगा, ओट्याजवळचा दिवा गेलाय." थोरला म्हणायचा, "त्याला सांग, मला डोळे आहेत." ती स्वतःला घरातलं टपाल खातं म्हणायची. सुरुवातीला हसून म्हणायची.

म्हातारे वडील आता घशापलीकडच्या गावात, लेकीकडे अंथरुणाला खिळून होते. बोट खिडकीतून दिसेल अशी आणून बांधा, असा त्यांचा हट्ट होता. "दोघांनी मिळून आणा. एकट्याने आणायची असेल तर तोडायला द्या," असं त्यांनी फोनवर सुनेला सांगितलं, कारण मुलांना वेगवेगळं सांगायचा त्यांनाही कंटाळा आला होता.

आता बोटीतल्या घड्याळाविषयी. भरतीच्या तक्त्यातल्या वेळा बंदराच्या असतात. बंदरात भरती पूर्ण झाली की घशातलं पाणी त्यानंतर साधारण तासाभराने थांबतं. वडिलांना प्रत्येक वेळी बेरीज करायची नसे. त्यांनी बोटीतलं घड्याळ कायमचं एक तास मागे लावून ठेवलं होतं. तक्त्यात भरतीची जी वेळ, ती घड्याळात वाजली की शिरायचं. सुकाणूवर बसलेल्याला केबिनच्या दारातून दिसेल, अशा जागी ते टांगलेलं होतं. थोरला त्याच घड्याळावर बोट चालवायला शिकला आणि बोटीवर असताना दुसरं घड्याळ त्याने कधी पाहिलं नाही.

सकाळी धक्क्यावर धाकटा हात पुसत बाहेर आला.

"वहिनी, बाबांचं खूळ संपवलं एकदाचं. घड्याळ बरोबर लावलंय, जगाचं चालतं तसं. तुमच्या नवऱ्याला सांगा."

थोरला दहा पावलांवर दोर गुंडाळत होता. वाऱ्यात शीड फडफडत होतं, त्यामुळे त्याला ऐकू गेलं नाही.

"तोंड आहे ना तुम्हाला, भाऊजी? तो काय उभा आहे. सांगा."

"तुम्ही सांगा."

"आज टपाल बंद," ती म्हणाली आणि गाडीकडे चालू लागली.

मागून थोरल्याने विचारलं, "काय म्हणत होता तो?"

"त्यालाच विचार," ती वळून म्हणाली.

त्याने विचारलं नाही.

त्या दिवशी तक्त्यात भरतीची वेळ चारची होती.

मनोऱ्यातून बोट दिसली, तेव्हा ती वारा पाठीवर घेऊन सरळ घशाकडे येत होती. रेडिओवाल्याने आधी घड्याळ पाहिलं, मग माईक उचलला.

"अहो शिडवाले, कसली घाई? पाणी अजून पळतंय. बाजूला धरा."

"वेळेवर आहोत," थोरल्याचा आवाज आला. चिडका. "तक्त्यात चार, घड्याळात चार. आमच्या बाबांनी शिकवलंय, तुम्ही नका शिकवू."

"चार तर माझ्याही घड्याळात वाजलेत, राजे. म्हणून तर सांगतोय."

खुर्चीतली बाई उठून उभी राहिली. बाबांचं घड्याळ आणि मनोऱ्यातलं घड्याळ एकच वेळ दाखवू शकत नाहीत, हे त्या खोलीत तिला एकटीलाच माहीत होतं. आता बोटीवर थोरल्यालाही कळलं होतं.

"फिरा मागे!" रेडिओवाला ओरडला.

बोट फिरली नाही. मागून वारा रेटत होता, खालून पाणी ओढत होतं. दुर्बिणीतून दिसलं ते एवढंच: पुढच्या टोकाचा माणूस उठला आणि पहिल्यांदाच मागे वळून पाहू लागला. थोरल्याच्या हाताखाली माईकचं बटण दाबलेलंच राहिलं असावं, कारण पुढचं बोलणं मनोऱ्यात स्वच्छ ऐकू आलं.

"घड्याळाला हात कोणी लावला?"

"मी वहिनींना सांगितलं होतं!"

"मला सांगितलंस का? मला?"

"तू विचारलंस कधी?"

"अरे, शीड सोड! ऐकतोस का? सोड ते!"

"कुठलं? दादा, कुठलं?"

एवढ्यावर आवाज तुटला. डोलकाठी एका बाजूला झुकली, सरळ झाली आणि मधल्या खडकाआड गेली. पलीकडच्या बाजूने ती बाहेर येताना मनोऱ्यातून कोणी पाहिली नाही. तिथे धुक्यासारखे तुषार उडत असतात. त्यांतून नेहमीच दिसतं असं नाही, असं रेडिओवाला म्हणाला.

साडेचारला सासऱ्यांचा फोन आला.

"निघाले का गं?"

"निघाले, बाबा."

"दोघं?"

"दोघं."

"बोलतायत का एकमेकांशी? की नुसतेच बसलेत तोंड फिरवून?"

तिने खिडकीबाहेर पाहिलं. "बोलले," ती म्हणाली. "मी ऐकलं."

"काय बोलले?"

"नंतर सांगते, बाबा. आता लाइन मोकळी ठेवायला हवी."

बचावाची लाँच खालच्या धक्क्यावर इंजिन चालू ठेवून उभी होती. वाहत्या पाण्यात तिलाही शिरता येत नव्हतं. पाणी पाचच्या सुमाराला उभं राहिलं आणि लाँच घशात शिरली. तिचा निरोप अजून आलेला नाही.